अ‍ॅडमिशनच्या आधी अभ्यासक्रमाचा तक्ता वाचून घ्या

बारावीचा निकाल लागला की गावागावांत पत्रकं फिरू लागतात. बसस्टँडवर फ्लेक्स लागतात, फोन येतात, ओळखीचं कुणी तरी घरी येऊन बसतं आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगून जातं. घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजला जाणार असेल तर मायबापाला दोन प्रश्न हमखास सुचतात. फी किती, आणि होस्टेल आहे का? प्रश्न बरोबरच आहेत. पण त्या पोराला तीन-चार वर्षं रोज काय शिकावं लागणार, विषय कोण ठरवणार, पेपर राहिला तर पुढे काय, मध्येच सोडावं लागलं तर हाती काय येणार, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. यातलं बरंचसं विद्यापीठाने लिहून ठेवलेलं असतं. अभ्यासक्रमाचा सेमिस्टरवार तक्ता आणि परीक्षेचे नियम, एवढे दोन कागद. ते मागणारं मात्र क्वचित कुणी भेटतं.

हे कागद मिळवायचे कसे, वाचायचे कसे आणि ते आपल्या घराला जमतात का हे बघायचं कसं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. वऱ्हाडात, झाडीपट्टीत किंवा गडचिरोलीकडे राहणाऱ्या आणि रोज बसने जाणाऱ्या किंवा पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी कॉलेज कोणाचं, ते विचारा

कॉलेजच्या पाटीवर संस्थेचं नाव मोठं असतं. पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजं १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे, जे १९२३ पासून आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठाकडे गेले.

इथवर सोपं आहे. इंजिनिअरिंगला गुंतागुंत सुरू होते. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातली कॉलेजं जोडता येतात. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन इंजिनिअरिंग कॉलेजांत अभ्यासक्रम वेगळा, परीक्षेच्या तारखा वेगळ्या, नियम वेगळे असू शकतात. पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण मंडळाकडे, बी.एस्सी. नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, बी.एस्सी. अ‍ॅग्री अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. म्हणून पहिला प्रश्न हाच: "पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार?" याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा.

विद्यापीठाचं नाव कळलं की ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावर तपासा. तिथे मान्य विद्यापीठांची यादी असते आणि बोगस विद्यापीठांचीही. बोगस यादीत नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं दिसतं, तेव्हा हे दिल्ली-उत्तर प्रदेशातलंच दुखणं आहे असं समजू नका. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाजगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं स्वतःशी जोडता येत नाहीत आणि परराज्यात केंद्रही उघडता येत नाही. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत परराज्यातल्या खाजगी विद्यापीठाची 'रेग्युलर' पदवी मिळते असं कुणी सांगत असेल तर तिथे एक रुपयाही देऊ नका.

संलग्न, स्वायत्त की खाजगी

संलग्न कॉलेजात विषय, पुस्तकं आणि मुख्य परीक्षा विद्यापीठ ठरवतं. म्हणजे पुसदला आणि अचलपूरला एकच पेपर येतो. जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात, कॉलेज बदलायचं झालं तर विषय जुळतात. मात्र निकाल विद्यापीठाच्या गतीने लागतो.

स्वायत्त कॉलेजाचं स्वतःचं अभ्यास मंडळ असतं, परीक्षा कॉलेजच घेतं आणि पदवी विद्यापीठ देतं. अमरावतीचं शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था हे जुनं सरकारी कॉलेज स्वायत्त आहे. अशा ठिकाणी अभ्यासक्रम लवकर बदलतो आणि चाचण्या, असाइनमेंट, सेमिनार सतत चालू असतात. नियमित येणाऱ्या मुलाला याचा फायदाच होतो. पण परीक्षेच्या महिनाभर आधी झपाटून बसायची सवय असलेल्या मुलाला ते जड जातं, कारण तोवर बरेचसे अंतर्गत गुण हातचे गेलेले असतात. आपलं लेकरू कोणत्या प्रकारचा विद्यार्थी आहे हे मायबापाला ठाऊक असतं, तेव्हा इथे प्रामाणिकपणे विचार करा.

खाजगी आणि अभिमत विद्यापीठात सगळंच त्यांचं: अभ्यासक्रम, परीक्षा, फी. काही ठिकाणी प्रयोगशाळा खरंच चांगल्या असतात. पण आपल्याकडच्या घरांना एक गोष्ट आधी कळायला हवी. राज्य सरकारची फी-सवलत तिथे बहुतेक लागू होत नाही. २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, त्या निर्णयातूनही खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत. शिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमाला ही सवलत कॅप राऊंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच मिळते. 'कॅपमध्ये कशाला थांबता, आत्ताच सीट पक्की करा' म्हणणाऱ्याला आधी विचारा, मग स्कॉलरशिपचं काय?

वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठ. हिंदी चांगलं असेल आणि भाषा, अनुवाद, समाजकार्य यांत रस असेल तर इतक्या जवळ दुसरं केंद्रीय विद्यापीठ नाही. आपल्याकडची मुलं त्याचा फारसा विचारच करत नाहीत, याचं वाईट वाटतं.

तक्ता हातात घ्या

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाच्या पानावर शाखा आणि वर्ष शोधा. 'एनईपी' (नवं शैक्षणिक धोरण) असं लिहिलेली ताजी फाइल उतरवा. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झालं, त्यामुळे दादाच्या किंवा मामेभावाच्या वेळचा तक्ता आता उपयोगाचा नाही. फाइल सापडत नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन 'सेमिस्टरवार स्ट्रक्चर' मागा, झेरॉक्स काढून घरी न्या. त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

आता वाचायला बसा. समजा, बी.एस्सी.चा तक्ता आहे. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट दिसतील. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, ते शिकवण्याच्या तासांवरून ठरतं. मेजर म्हणजे मुख्य विषय, ज्यात पुढे एम.एस्सी. करायची. मायनर म्हणजे जोडीचा विषय. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला. त्याखाली कौशल्याचे विषय, भाषा, पर्यावरण किंवा संविधान, भारतीय ज्ञानप्रणाली, एनएसएस-क्रीडा असे छोटे छोटे पेपर. पहिल्यांदा बघितलं की गोंधळायला होतं. घाबरू नका, पेन्सिल घ्या आणि मेजरच्या पेपरवर खुणा करा. पहिल्या वर्षात त्यांचा वाटा कमी दिसेल, तिसऱ्या वर्षात वाढलेला. तिसऱ्या वर्षाच्या मेजरचे पेपर वाचून मुलाला विचारा, 'हे शिकायला आवडेल का?' पहिल्या वर्षाचे पेपर सगळीकडे जवळपास सारखेच असतात, खरा विषय तिसऱ्या वर्षी दिसतो. मेजर कोणत्या सेमिस्टरला पक्का करायचा आणि नंतर तो बदलता येतो का, हेही बघा. हे विद्यापीठागणिक बदलतं.

मग तास मोजा. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात १५ तास, म्हणजे आठवड्याला एक. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला त्याच्या दुप्पट. समजा २२ पैकी १४ क्रेडिट थिअरीचे आणि ८ प्रॅक्टिकलचे असतील, तर आठवड्याला १४ आणि १६ मिळून ३० तास होतात. सहा दिवसांत वाटले तर रोज ५ तास कॉलेजात. त्यात बसचे दोन-अडीच तास मिळवा. गावात सकाळची एकच एसटी येत असेल आणि संध्याकाळची शेवटची साडेचारला सुटत असेल, तर दुपारची प्रॅक्टिकलची बॅच मिळाल्यावर काय करणार? एसटीचा पास विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश सवलतीत मिळतो, पण बसची वेळ आपल्यासाठी बदलत नाही. बी.ए., बी.कॉम.ला प्रॅक्टिकल कमी असल्याने हे ओझं कमी असतं.

कागदावरचे विषय आणि वर्गातले विषय

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा थांबून सांगतो. विद्यापीठाच्या तक्त्यात मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची मोठी 'बास्केट' दिलेली असते. ती वाचून वाटतं, आपलं पोरगं रसायनशास्त्राबरोबर संगणक शिकेल, नाही तर इतिहासाबरोबर पर्यटन. पण कॉलेज त्यातले तेवढेच विषय देऊ शकतं, जेवढ्यांना त्यांच्याकडे शिक्षक आहेत. ग्रामीण कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असणं, तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या, शिक्षकांवर विभाग चालणं हे आपल्याला नवीन नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात म्हणणं नाही. त्यातले कित्येक अतिशय जीव लावून शिकवतात. पण ते पुढच्या वर्षी असतीलच याची खात्री कॉलेजला देता येत नाही आणि मग मायनर विषय मध्येच बदलायची वेळ येते.

म्हणून ऑफिसात 'कोणते विषय आहेत' असं विचारू नका. 'या वर्षी दुसऱ्या वर्षाला कोणते मायनर प्रत्यक्ष चालू आहेत आणि ते कोण शिकवतं' असं विचारा. त्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या चार मुलांना गाठून त्यांचं टाइमटेबल मोबाइलवर बघा. आठवड्यात किती तास खरंच होतात, प्रॅक्टिकलला उपकरणं पुरतात का, अंतर्गत गुण कसे देतात, हे ती मुलं पाच मिनिटांत सांगतील. कॉलेजला भेट द्यायची तर सुट्टीत जाऊ नका, सेमिस्टर चालू असताना आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास ऑन जॉब ट्रेनिंग किंवा इंटर्नशिप असते, साधारण ४ क्रेडिटची, म्हणजे जवळपास १२० तास. जागा कॉलेज मिळवून देतं की मुलाने शोधायची? मोठ्या शहरात कंपन्या असतात. आपल्याकडे जिनिंग, दालमिल, बँक, कृषी सेवा केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी, दवाखान्याची लॅब अशा जागा आहेत आणि त्या चांगल्या आहेत. कॉलेजने त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं आहे का, एवढंच विचारायचं.

शेतीचं वर्ष आणि सेमिस्टरचं वर्ष

बाहेरचा सल्लागार हे सांगणार नाही. सोयाबीन निघतं सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, कापसाची वेचणी त्यानंतर सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. हिवाळी परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. घरात मनुष्यबळ कमी असलं की पोरगं आधी दोन दिवस शेतात राहतं, मग आठवडाभर. हजेरीची अट साधारण ७५ टक्क्यांची. जुन्या वार्षिक पद्धतीत हे दिवस भरून निघायचे, सेमिस्टरमध्ये निघत नाहीत, कारण पाच-सहा आठवडे गेले की तिसरा हिस्साच गेला. विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक उतरवून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर चाचण्यांचे आणि परीक्षेचे दिवस लिहा. शेतावर मजूर लागणारच असतील तर त्याची सोय आत्ताच ठरवा. घरून हे होणारच नसेल तर मुक्त विद्यापीठाचा पर्याय कमीपणाचा नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि मान्यता असलेल्या मुक्त अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीइतकीच धरली जाते. मात्र इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, कृषी पदवी असे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालत नाहीत. कुणी देतो म्हणालं तर समजून जा.

बी.एस्सी. अ‍ॅग्रीची रचना अगदी वेगळी आहे. चार वर्षं, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत जवळपास सारखाच अभ्यासक्रम, विषय निवडायला फारसा वाव नाही आणि शेवटच्या वर्षी 'रावे', म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम. मातीपासून बाजारापर्यंत सगळं थोडंथोडं शिकायचं असेल तर उत्तम. पण फक्त 'शेतकऱ्याचं पोरगं आहे' म्हणून तिकडे ढकलू नका. रसायनशास्त्र किंवा गणित मनापासून आवडणाऱ्या मुलाला तिथे एकाच विषयात खोल जाता येत नाही.

अडखळलं तर काय

परीक्षेच्या नियमात तीन गोष्टी शोधा: पुढच्या वर्षाला जायला किती पेपर राहिलेले चालतात, राहिलेला पेपर लगेचच्या परीक्षेत देता येतो की वर्षभर थांबावं लागतं, आणि अंतर्गत व लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं का. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीमुळे एखादा पेपर राहणं ही फार साधी गोष्ट आहे. त्यामुळे वर्ष वाया जाणार की नाही, हे या नियमांवर ठरतं. भाषेचंही इथेच विचारून घ्या. कला-वाणिज्यला मराठीत उत्तरं लिहायची मुभा साधारणपणे असते, विज्ञान आणि व्यावसायिक अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजीत.

नव्या धोरणात मध्येच थांबायची सोय आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं तर ४ जादा क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. नंतर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं. माझं मत स्पष्ट सांगतो. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडे नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका. ही सोय परत येण्याची वाट उघडी राहावी म्हणून मोलाची आहे. दुसऱ्या वर्षानंतर मुलीचं लग्न ठरलं, वडील आजारी पडले, पीक गेलं, तरी मिळवलेले क्रेडिट तसेच राहतात. त्यासाठी डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळवलेले क्रेडिट जमा राहणारं खातं) आयडी काढून ठेवा आणि प्रत्येक निकालानंतर क्रेडिट तिथे चढले का ते बघा. लग्न ठरवताना उरलेलं वर्ष पूर्ण करण्याची बोलणी सोयरिकीतच करून घ्या.

चौथ्या वर्षाचं गणित मुलाच्या पुढच्या वाटेवर आहे. एमपीएससी किंवा यूपीएससी करायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. संशोधनात जायचं असेल तर चौथं वर्ष कामाचं, त्यानंतर पदव्युत्तर एका वर्षात होतं. पण संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि कॉलेजात तशी सोय हवी. ती नसेल तर चौथ्या वर्षी अमरावती किंवा नागपूरला जावं लागेल, हे आत्ताच धरून चाला.

मोठ्या नावाचं कॉलेज की जवळचं, असं पालक नेहमी विचारतात. "सर, पोरीले नागपूरले टाकू का इथंच राहू देऊ?" उत्तर तक्त्यातून निघतं. तिचा विषय इथे तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवला जात असेल, शिक्षक असतील, बस जमत असेल, तर इथेच ठेवा आणि उरलेले पैसे एम.एस्सी.साठी राखा. इथे तिचा मेजरच नसेल तर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे, ज्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. जात पडताळणीचा दाखला बारावीतच काढून ठेवा, या एका कागदावाचून दरवर्षी कितीतरी प्रवेश अडतात.

पैसे भरण्याआधी

फार्मसी, नर्सिंग, बी.एड., कायदा यांना विद्यापीठाबरोबरच आपापल्या परिषदेची मान्यताही लागते, आणि ती चालू वर्षाची आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर बघायचं. पावती कॉलेजच्या नावाची घ्या, कुणा व्यक्तीच्या खात्यात पैसे टाकू नका. मूळ टीसी आणि गुणपत्रिका दाखवून परत घ्यायच्या असतात. प्रवेश रद्द होऊ नये म्हणून मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. वर्ग सुरू झाल्यावर लक्षात आलं की सांगितलेला विषय इथे चालतच नाही, तर लाजत बसू नका, लेखी अर्ज द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर प्रक्रिया शुल्काची थोडी कपात सोडून पूर्ण फी परत मिळते, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि ३० दिवस उलटले की काही नाही. कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) तारखा लागू होतात, त्या वेगळ्या बघाव्या लागतील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घरी येऊ नका.